शितावरून पुस्तकाची परीक्षा

बाजारातली वस्तू पारखून घ्यायची, ही आपली जुनी रीत आहे. आंबेवाला फोड कापून हातावर ठेवतो. अत्तरवाला मनगटावर बोट फिरवतो आणि म्हणतो, ‘‘घेऊ नका, नुसता वास तरी बघा.’’ आमच्या मिरजेत तंबोरा घ्यायला आलेला गवई आधी चार वाद्यांच्या तारा छेडतो, कान लावून ऐकतो आणि मग एकावर हात ठेवतो. माझे अब्बा टेलर होते. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे, ‘‘कापड घेताना त्याचं टोक मुठीत घट्ट चुरगळा आणि सोडा. सुरकुती तशीच राहिली तर दुकानदार काहीही सांगो, घेऊ नका.’’ पुस्तकाचंही तसंच आहे. दुकानात उभ्या उभ्या दोन पानं इकडची, दोन पानं तिकडची वाचून आपण ठरवतो. आता प्रश्न असा की, जे पुस्तक कागदावर नाहीच, ते चाळायचं कसं? त्यावर जो उपाय निघाला आहे, त्याविषयी आज बोलायचं आहे. तो उपाय म्हणजे ई-रीडरवर मिळणारा पुस्तकाचा मोफत नमुना.

ई-रीडर हे यंत्र आता पुष्कळांनी पाहिलेलं आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शाळेतल्या पाटीहून लहान, वहीसारखं पातळ आणि फक्त वाचण्यासाठी केलेलं असं हे यंत्र. त्याच्या पडद्याच्या आत केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण एका पारदर्शक द्रवात तरंगत असतात. पांढऱ्या कणांवर एका प्रकारचा विद्युतभार असतो, काळ्यांवर त्याच्या उलट. यंत्रानं जिथे काळे कण वर ओढले तिथे अक्षर उमटतं. जिथे पांढरे वर आले तिथे कोरा कागद दिसतो. एकदा उमटलेलं पान तसंच राहतं. अक्षरांना वीज लागते ती पान बदलताना. म्हणून एकदा चार्ज केलेलं हे यंत्र मोबाइलसारखं रोज रात्री चार्ज करावं लागत नाही. शिवाय अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ही सोय किती मोठी, हे मी वेगळं सांगायला नको.

ही शाई तयार करणारी ‘ई इंक’ कंपनी १९९७ साली अमेरिकेत सुरू झाली. २००४ साली सोनीनं जपानमध्ये या शाईचा पहिला ई-रीडर विकायला आणला. पण गाजला तो ॲमेझॉनचा किंडल. १९ नोव्हेंबर २००७ रोजी तो अमेरिकेत आला, किंमत ३९९ डॉलर, आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्या पहिल्याच किंडलबरोबर वाचकाला सांगितलं होतं की, पुस्तक विकत घेण्याआधी त्याचं पहिलं प्रकरण फुकट उतरवून वाचा. म्हणजे मोफत नमुना ही मागाहून सुचलेली जाहिरात नव्हती. कागदाला हात न लावता पुस्तक विकायचं तर वाचकाला काहीतरी चाखायला द्यावं लागेल, हे विकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. आपल्या मराठीला त्या दुकानात रीतसर जागा मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्याबरोबर मराठी ई-पुस्तकंही तिथे आली.

नमुना घ्यायचा कसा, तर फार सोपं आहे. ई-पुस्तकांच्या दुकानात पुस्तकाचं नाव शोधायचं. किमतीच्या आसपास ‘सॅम्पल’ असं लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की पुस्तकाचा पहिला भाग आपल्या यंत्रावर येतो. पैसे पडत नाहीत. पुस्तक परत द्यायचं नसतं, तारीख चुकली म्हणून दंड नसतो. भाग संपला की यंत्र विचारतं, पुढचं हवं आहे का? हवं असेल तर घ्यायचं, नसेल तर पुसून टाकायचं. यासाठी ई-रीडरच हवा असंही नाही. त्याच दुकानांची ॲप मोबाइलवर मिळतात आणि त्यांच्यावर नमुना तसाच उघडतो. गूगलच्या पुस्तकांच्या दुकानात आणि कोबोवरही ही सोय आहे.

हे सगळं नवीन वाटलं तरी मूळ कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दारोदार फिरून पुस्तकं विकणारे एजंट असत. पुस्तक छापून व्हायच्या आधीच ते गिऱ्हाइकं गोळा करत. त्यांच्या पिशवीत एक खास प्रत असे. तिच्यात पुस्तकातली निवडक पानं, काही चित्रं, बांधणीच्या कापडाचे आणि चामड्याचे तुकडे, आणि शेवटी मागणी नोंदवणाऱ्यांची नावं लिहायला कोरी आखलेली पानं असत. मार्क ट्वेनचं ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ हे पुस्तक १८६९ साली याच पद्धतीनं घरोघर पोचलं. पुढे १८८५ साली ट्वेनच्या स्वतःच्या प्रकाशनसंस्थेनं माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आठवणी अशाच विकल्या. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. दर आठवड्याचा हप्ता हा एका अर्थानं पुढच्या हप्त्याचा नमुनाच होता. आवडलं तर पुढे वाचा, नाही तर सोडा.

पण ई-पुस्तकाच्या बाबतीत नमुना वाचण्याची गरज कागदी पुस्तकापेक्षा जास्त आहे. का, ते सांगतो. कागदी पुस्तक नाही आवडलं तर त्याला वाटा असतात. मित्राला देता येतं, वाचनालयाला देता येतं, जुन्या पुस्तकांच्या दुकानात अर्ध्या-पाव किमतीला जातं. अगदीच नाही तर रद्दीवाला आहेच. ई-पुस्तक असं कुणाच्या हातात देता येत नाही. बहुतेक दुकानांच्या अटींप्रमाणे आपण पुस्तक विकत घेतच नाही. ते वाचायचा परवाना घेतो. हा भेद कागदावरचाच आहे असं समजू नका. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती गिऱ्हाइकांच्या यंत्रांवरून परस्पर काढून टाकल्या. ज्यानं त्या दुकानात ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते, असं कारण होतं. पैसे परत केले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. पण दुकानदार आपल्या घरातल्या कपाटातून पुस्तक नेऊ शकतो, हे त्या दिवशी जगाला कळलं. तेव्हा जी वस्तू पुढे कुणाला देता येणार नाही, विकता येणार नाही, ती घेण्याआधीच नीट पाहावी. काही दुकानं ठरावीक दिवसांत ई-पुस्तक परत घेतात, पण त्याच्या अटी दुकानागणिक वेगळ्या. त्यांच्या भरवशावर राहण्यापेक्षा नमुना वाचलेला बरा.

आता मुख्य मुद्दा. आपल्यात म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ती भाताला लागू पडते, कारण पातेल्यात सगळ्या तांदळाला सारखीच आच लागते. एक शीत शिजलं असेल तर बाकीचीही शिजली असणार. पुस्तक असं सारखं शिजत नाही. आणि नमुन्याचं शीत आपण निवडत नाही. दुकानात उभे असताना आपण पुस्तक मधूनच उघडतो, शेवटाकडे डोकावतो, एखादं प्रकरण चाळतो. नमुना मात्र सुरुवातीचाच असतो. पुष्कळ ठिकाणी तो साधारण दहावा भाग असतो. काही ठिकाणी हा वाटा लेखकाला किंवा प्रकाशकाला ठरवता येतो. कुठे थांबायचं हे यंत्र मोजून ठरवतं. वाक्य अर्धं राहिलं काय, प्रसंग ऐन रंगात आला काय, त्याला त्याचं काही नाही. म्हणून नमुना म्हणजे पुस्तकाचा सारांश नव्हे आणि लेखकानं वेचून दिलेला घासही नव्हे. तो पातेल्याचा वरचा थर आहे. हे ध्यानात ठेवून वाचला तर तो फार उपयोगी आहे. विसरून वाचला तर चांगल्या पुस्तकावर अन्याय होतो.

हा अन्याय कसा होतो ते माझ्याच पुस्तकाच्या निमित्तानं कळलं. माझा एक कवितासंग्रह प्रकाशकांनी ई-पुस्तक म्हणून काढला. दोनेक महिन्यांनी परभणीकडच्या एका शिक्षिकेचा फोन आला. मराठी शिकवतात. म्हणाल्या, ‘‘सर, तुमच्या संग्रहाचा नमुना वाचला. प्रस्तावना चांगली आहे.’’

मी म्हटलं, ‘‘आणि कविता?’’

‘‘कविता एकही दिसली नाही. प्रस्तावना संपली, तुमचं मनोगत सुरू झालं आणि नमुना संपला. आता घ्यावा की नको, हे मी कशावरून ठरवू?’’

त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. आपली मराठी पुस्तकांची रीत आठवून पाहा. आधी शीर्षकाचं पान, मग हक्कांचं पान, अर्पणपत्रिका, एखाद्या ज्येष्ठ समीक्षकाची प्रस्तावना, कवीचं मनोगत, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, आणि मग कविता. कागदी पुस्तकात याचा त्रास नव्हता. वाचक ती पानं उलटून पुढे जायचा. पण यंत्र मोजतं मजकूर. कविता एका पानावर आठ-दहा ओळींत संपते. प्रस्तावनेचं गद्य पान काठोकाठ भरलेलं असतं. दहावा भाग मोजायचा तर तो प्रस्तावनेतच भरतो. म्हणजे कवितासंग्रहाचा नमुना मागितला आणि हातात आली समीक्षा.

मी प्रकाशकांना म्हटलं, प्रस्तावना शेवटी घ्या. ते संकोचले. म्हणाले, ‘‘एवढ्या मोठ्या माणसाचं लेखन मागे टाकायचं म्हणजे त्यांना काय वाटेल?’’ मग मीच त्या समीक्षकांना फोन केला. ते मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, ‘‘टाका मागे. कविता वाचून झाल्यावर तरी लोक माझं वाचतील.’’ प्रकाशकांनी फाइल बदलली. आता नमुन्यात सात-आठ कविता दिसतात. त्या बाईंना तसं कळवलं. त्यांनी त्या वाचल्या आणि त्यातल्या एका कवितेवर चार ओळींचा निरोप पाठवला. त्यांनी संग्रह घेतला की नाही, हे मी विचारलं नाही. विचारूही नये. पण पाचशे प्रतींची आवृत्ती संपायला चार-पाच वर्षं लागतात, अशा धंद्यात एक वाचक कवितेच्या दारापर्यंत येऊन दार न उघडताच परत जातो, ही गोष्ट लहान नाही. आपल्या नमुन्यात नेमकं काय दिसतं, हे प्रत्येक कवीनं आणि प्रकाशकानं एकदा स्वतः उतरवून पाहावं.

आता वाचकाच्या बाजूनं पाहू. नमुना हातात आल्यावर त्यात काय पाहायचं? मजकूर चांगला की वाईट हे तर आपण पाहतोच. पण मराठी ई-पुस्तकाच्या बाबतीत त्याच्याही आधी अक्षर पाहावं. आपली बरीच पुस्तकं संगणकावर जुळवली गेली ती युनिकोड रुळायच्या आधी. तेव्हा प्रत्येक फॉन्टची संकेतपद्धत निराळी होती. त्या जुन्या फाइली नव्या पद्धतीत आणताना जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसतात. सगळ्यात हाल होतात ते आपल्या आडव्या, पापणीसारख्या ‘र’चे. ‘दऱ्या’ लिहायचं असतं आणि ‘दर्या’ उमटतं. डोंगरातल्या दऱ्यांचा एका क्षणात समुद्र होतो. ‘आचाऱ्यांना’ जेवणाचे पैसे द्यायचे असतात आणि ते जातात ‘आचार्यांना’. हसण्यावारी नेता येईल, पण अडीचशे पानं असं वाचायचं म्हणजे डोकं दुखतं. पहिल्या पाच पानांत अशा दोन-तीन चुका दिसल्या तर पुढेही त्या असणार. इथे मात्र शितावरून भाताची परीक्षा बरोबर लागू पडते, कारण सगळं पुस्तक एकाच भट्टीतून निघालेलं असतं.

दुसरी गोष्ट, अक्षर मोठं करून पाहावं. काही ई-पुस्तकं म्हणजे छापील पानांचे नुसते फोटो असतात. त्यातलं अक्षर वाढवायला गेलं की पानच पडद्याबाहेर जातं आणि प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. लहान पडद्यावर असं पुस्तक वाचणं जवळजवळ अशक्य. किमतीवरून किंवा मुखपृष्ठावरून हे कळत नाही, नमुन्यात लगेच कळतं.

तिसरी गोष्ट कवितेपुरती. अक्षर मोठं केलं की लांब ओळ पडद्यावर मावत नाही, तुटून खाली येते. गद्यात त्यानं काही बिघडत नाही. कवितेत बिघडतं. गझलेचा रदीफ ओळीच्या टोकाला यायला हवा. तो जर खालच्या ओळीच्या सुरुवातीला एकटाच येऊन उभा राहिला तर शेराची सगळी मजा जाते. ओवी चार चरणांऐवजी सहा ओळींची दिसायला लागते. चांगला प्रकाशक तुटलेला तुकडा थोडा आत सरकवून छापतो, म्हणजे ही नवी ओळ नाही, आधीचीच आहे, हे वाचकाला कळतं. नमुन्यात तेवढी काळजी घेतलेली दिसली तर समजावं, पुस्तक कुणीतरी मन लावून केलं आहे.

चौथी गोष्ट, पुष्कळदा ई-पुस्तक उघडलं की ते थेट पहिल्या प्रकरणावर उघडतं. तिथून मागे जाऊन अनुक्रमणिका जरूर पाहावी. कथासंग्रहात किती कथा आहेत, आत्मचरित्र किती सालापर्यंत येतं, इतिहासाच्या पुस्तकात संदर्भसूची आहे का, हे तिथे दिसतं. नमुना दहाव्या भागाचा असला तरी अनुक्रमणिका सगळ्या पुस्तकाची असते.

यानंतर पुस्तकाचा प्रकार पाहून नमुन्याला किती मान द्यायचा ते ठरवावं. अनुवाद असेल तर नमुना फार बोलका. अनुवादकाचं मराठी पहिल्या दोन पानांत उघडं पडतं. वाक्य मराठीत जन्मलं आहे की दुसरीकडून ओढत आणलं आहे, हे कानाला कळतं. एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद असतील तर दोन्ही नमुने घेऊन एकच परिच्छेद समोरासमोर ठेवावा. याहून चांगली परीक्षा नाही. गझलसंग्रहाचा नमुनाही पुष्कळ सांगतो, कारण प्रत्येक शेर आपल्या जागी पूर्ण असतो. रहस्यकथेचा नमुना मात्र सगळ्यात कमी सांगणारा. सुरुवात सगळ्यांनाच जमते, गाठ सोडवणं थोड्यांना जमतं, आणि ते शेवटच्या प्रकरणात असतं. संथ चालीच्या मोठ्या कादंबरीच्या बाबतीत घाई करू नये. पाचशे पानांची कादंबरी पहिली पन्नास पानं गाव, माणसं, घरं उभी करण्यात घालवते. तिथे ‘काही घडतच नाही’ म्हणून उठून जाणं म्हणजे गवई आलाप घेत असताना मैफल सोडण्यासारखं आहे.

जुन्या पुस्तकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो आणि ते सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले. २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणालाही छापता येतात. त्यामुळे अशा पुस्तकांच्या अनेक ई-आवृत्त्या निघू शकतात आणि त्या सारख्या चांगल्या असतील असं नाही. एखादीत परिच्छेद गळालेले, एखादीत मुद्रितशोधनच नाही. नमुने उघडून शेजारी शेजारी पाहावेत. शिवाय अशी पुस्तकं पुष्कळदा अख्खीच मोफत मिळतात. इंग्रजीसाठी १९७१ साली सुरू झालेला ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ आहे, मराठीसाठी विकिस्रोत आहे. तिथे आधी पाहून मग पैशाचं ठरवावं.

इतकं सगळं सांगितलं, पण मला या मोफत नमुन्याचं जे खरं मोल वाटतं ते वेगळंच आहे. ते आहे ‘नको’ म्हणायची मोकळीक. मी शाळेत असताना एसटी स्टँडवर पुस्तकांचा एक स्टॉल होता. संध्याकाळी तिथे उभं राहून मी पुस्तकं चाळायचो. स्टॉलवाले काका वाईट नव्हते. पण पाचेक मिनिटं झाली की ते विचारायचे, ‘‘काय रे, घ्यायचंय का?’’ खिशात पैसे नसायचे. पुस्तक खाली ठेवून निघावं लागायचं आणि कान गरम व्हायचे. पुढे शहरात मोठ्या दुकानांत गेलो तिथेही, इतकी पानं उलटली आता काहीतरी घेतलं पाहिजे, असं वाटून नको असलेलं पुस्तक घेणारी माणसं मी पाहिली आहेत. तालुक्याच्या गावात तर असं दुकानही नाही. आहे ते वह्या, गाइड आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांचं. तिथे राहणाऱ्या मुलीनं नवा कवितासंग्रह चाळायचा कुठे? पेन्शनीत भागवणाऱ्या माणसानं तीनशे रुपयांची कादंबरी न पाहता मागवायची कशी? नमुना त्यांना विचारत नाही, ‘घ्यायचंय का?’ विचारतो तो शेवटच्या पानावर एकदाच, आणि नाही म्हटलं तर रागावत नाही. ज्याला नाही म्हणता येतं, त्याच्याच हो म्हणण्याला अर्थ असतो.

या सोयीला दुसरी बाजू आहे, तीही सांगायला हवी. फुकट मिळतं म्हणून काही जण नमुनेच गोळा करत राहतात. माझ्या ओळखीच्या एका तरुण प्राध्यापकाच्या यंत्रावर शंभराहून अधिक नमुने होते आणि पूर्ण वाचलेली पुस्तकं चार. अशा वाचनात माणसाला शंभर सुरुवाती माहीत होतात आणि शेवट एकही नाही. लेखनावरही याचा ताण येऊ शकतो. पहिल्याच पानावर खून, पहिल्याच ओळीत धक्का, आणि पुढे सगळी हवा गेलेली, अशी पुस्तकं लिहिण्याचा मोह होऊ शकतो. त्याला आवर घालणं वाचकाच्या हातात आहे. सुरुवात चटकदार आहे एवढ्यावर पुस्तक घेऊ नये आणि संथ आहे एवढ्यावर टाकू नये.

माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. एका वेळी तीनपेक्षा जास्त नमुने मी यंत्रावर ठेवत नाही. नमुना संपला की लगेच विकत घेण्याचं बटण दाबत नाही. एक रात्र जाऊ देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यातलं काय आठवतं ते पाहतो. एखादं माणूस, एखादी ओळ, एखादा प्रसंग आठवला आणि पुढचं वाचावंसं वाटलं तर पुस्तक घेतो. काहीच आठवलं नाही तर नमुना पुसून टाकतो. आणि ज्या पुस्तकाशी पुन्हा पुन्हा यावंसं वाटतं, विशेषतः कवितेचं, ते मी ई-पुस्तक न घेता कागदी घेतो. नमुना यंत्रावर वाचला म्हणून पुस्तकही यंत्रावरच घेतलं पाहिजे असं बंधन नाही. गावातल्या दुकानदाराला नाव लिहून दिलं तर तो मागवून देतो. वाचनालयाच्या मागणीवहीत नाव लिहिलं तर आपल्याबरोबर आणखी दहा जणांना ते वाचायला मिळतं.

शेवटी एक विनंती. नमुना वाचून पुस्तक नको वाटलं तर बिनदिक्कत नको म्हणा. त्यात लेखकाचा अपमान नाही. पण आवडलं आणि परवडत असेल, तर मात्र थांबू नका. पुढचा मजकूर कुठल्यातरी चोरट्या फाइलीत शोधत बसू नका. आपल्या भाषेत पुस्तकं लिहिणारे आणि काढणारे मोठ्या नफ्यावर जगत नाहीत, ते अशा एकेका वाचकावर जगतात. दहावा भाग त्यांनी विश्वासानं आपल्या हातात ठेवलेला असतो. उरलेले नऊ भाग आपण त्यांच्याकडून रीतसर मागून घ्यावेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)